पाचवी वही

माणच्या काठाला छावणी पडली
आणि शाळा शिकलेली म्हणून नोंदवही माझ्याकडं आली.
मोठं जनावर पंधरा किलो, लहान साडेसात,
उसाचं वाढं, दिवसाआड पेंड,
सही, नाहीतर अंगठा.
दुपारी पत्रा तापला की माणसं जनावरांसारखी गप्प बसत
आणि जनावरं माणसांसारखी बघत राहत.
तेव्हा मी एक दोनशेपानी वही आणवली सांगोल्याहून.

पहिली गोष्ट सिदगोंडाची.
त्याचा खिलार वळू सरज्या, तीन तालुक्यांत नाव असलेला.
मंगळवेढ्याकडची एक मुलगी गाय फळवायला आली,
उभी राहिली, पैसे मोजून गेली.
एकवीस दिवसांनी पुन्हा दारात.
गाय उलटली, म्हणाली.
गाय उलटली नव्हती.
हे सिदगोंडाला कळायच्या आधी
सरज्याला कळलं होतं.

दावणीशी बसून बाया वाचायच्या,
एकीला वाचता यायचं, अकराजणी ऐकायच्या.
संपल्यावर निलव्वा म्हणाली, ते राहू दे,
बाराव्या पानावर जो पाणी पिऊन गेला, कातरवाला,
त्याचं पुढं काय झालं?

मला काय माहीत. तो नुसता तहानला होता.
पण अकराजणी वाट बघायला लागल्या
म्हणून त्याला सटवाजी नाव दिलं,
आणि मायाक्काच्या साठ मेंढ्या त्याच्यापुढं हाकल्या.
दोन दिवसांचं काम, त्यानं नऊ दिवस लावले.
नवव्या दिवशी ती म्हणाली, एक मेंढी तू दोनदा कातरलीस,
बघ, थंडीनं कुडकुडतीया.
त्याच पानावरून सिदगोंडाची बायको गेली,
सातवा महिना, कमरेवर हात ठेवून.
बायांनी टाळ्या वाजवल्या.
गावातली माणसं पुस्तकात भेटली की बरं वाटतं,
बाजारात भेटल्यापेक्षा जास्त.

तिसरी कुणाला आवडली नाही.
तिच्यात लग्न आधीच झालेलं होतं, चौतीस वर्षांपूर्वी.
गेनू आणि तुळसा.
घरी असताना तो रानात, ती चुलीशी,
रात्री दोघं दमलेली.
छावणीत भिंत नाही, रान नाही, काम नाही,
म्हणून एका संध्याकाळी त्यानं विचारलं,
तुला लहानपणी काय म्हणायचे गं?
एवढंच. एकशेवीस पानं.
आजही मला तीच बरी वाटते.

चौथी टँकरवाल्या दस्तगीरची.
ती त्यानंच मागून नेली,
शेवट वाचतो म्हणाला.
शेवट मी लिहिला नव्हता.
वही परत आली नाही, आणि पुढच्या आठवड्यात
छावणी मोडायचा हुकूम आला.
खुंटे उपटले, बिल्ले काढले,
जमिनीवर नुसते गोल राहिले, दाव्याएवढे.

नंतर सोलापुरात नवी पेठेतल्या एका प्रकाशकाकडं
उरलेल्या तीन वह्या घेऊन गेले.
पंख्याखाली बसून त्यानं चाळल्या.
चांगलं आहे, म्हणाला. नावं बदला जरा,
शेणाचा वास कमी करा,
आणि ही नोंदवहीवाली बाई प्रत्येक पुस्तकात येते,
वजनकाट्याशी उभी राहते, जाते.
हिचं एक पुस्तक होईल की.

मी हसले. उसाचा रस पिऊन एसटी धरली.

हिचं पुस्तक लिहून झालंय, त्याला कसं सांगू.
ते तहसील कचेरीत जमा आहे,
लोखंडी कपाटात, छावणी क्रमांक टाकून,
खरी नोंदवही, प्रत्येक पानावर शिक्का.
चारा, पेंड, हजर जनावरं, आणि शेवटून दुसरा रकाना:
टँकर आल्याची वेळ.
नऊ चाळीस.
नऊ पंधरा.
आठ पन्नास.
मध्ये दोन दिवस नाही, डिझेल नव्हतं.
मग सात वीस. सहा पाच.
पाच वाजून दहा मिनिटं, जनावरंसुद्धा उठली नव्हती,
चाकांचा आवाज आला आणि मी
कंदिलाच्या उजेडात सरकारी आकडा लिहिला,
जरा वाकडा.

शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तो मी सगळा कोरा ठेवला.
तपासणीला तीन साहेब आले होते,
जनावरं मोजली, चारा मोजला.
रकाना कोरा का, कुणी विचारलं नाही.