मूळ पातळी

डनीडनमध्ये सपाट असं काही नाही.
स्वयंपाकघरात संत्रं निसटलं
तर ते बंदराच्या दिशेनं निघतं.

मी घेतलेला तुकडा असा :
खाली रस्ता, वर गिल्क्राइस्टांचं कुंपण,
आणि मधे बकरीनंही दोनदा विचार करावा असा चढ.

फेतूनं जूनमध्ये खोदायला घेतलं, इथल्या ऐन हिवाळ्यात.
यंत्राच्या दातांनी आधी दहिवर फुटलं,
मग गवताची साय निघाली, मग डोंगर.
तिसऱ्या दिवशी वरून हाक आली :
"बाई, माझं कुंपण झुकलंय."

ॲलस्टर गिल्क्राइस्ट, वय सत्त्याहत्तर,
अंगात लोकरीची बनियन, हातात सुताराची पाणपट्टी.
"खांब माझ्या बापानं ठोकलेत.
तू त्यांच्या पायाखालचं काढलंस.
भिंत तुझी."

माझी, मी म्हटलं.
जो उतार मोडतो त्यानं तो धरावा,
एवढं मला घर आखायच्या आधीच पाठ होतं.
शिवाय भांडणापेक्षा काँक्रीट स्वस्त, असं मला वाटायचं.
तेव्हा मी काँक्रीटचा भाव विचारला नव्हता.

मग मेरेआना आली, इंजिनिअर.
कापलेल्या डोंगराशी उभी राहून
तिनं मातीवर बोट फिरवलं,
कापड विकत घेताना फिरवतात तसं.
"खालची पिवळी. ही डोंगराची.
वरची काळी. ही कुणीतरी आणलेली."
काळीत कोळशाची राख, निळ्या बाटलीचा बूड,
कपाचा तुटका कान, आणि एक चमचा.
तिनं दोन रंगांच्या मधे खिळा ठोकला, त्याला लाल फीत बांधली.
"मूळ पातळी ही.
इथपर्यंतची भिंत तुमची. वरचे सत्तर सेंटिमीटर त्यांचे."

तो रस्त्यानं वळसा घालून खाली आला,
गुडघ्यांना विचारत विचारत.
फितीकडे बघितलं. राखेकडे बघितलं.
फार वेळ काही बोलला नाही.
फेतूनं इंजिन बंद केलं.

"बटाटे," तो म्हणाला.
"बाबांना सपाट वाफा हवा होता.
मी नऊ वर्षांचा, कॅलम बाराचा, एक ढकलगाडी.
अख्खी सुट्टी आम्ही डोंगराला माती वाहिली.
बटाटे काही फार आले नाहीत."

म्हणजे अडुसष्ट वर्षं
दोन पोरांची सुट्टी तिथं उभी होती,
कुजक्या फळ्यांना पाठ लावून,
आणि आता ती माझ्या न बांधलेल्या न्हाणीघराकडे बघत होती.
माती उभी राहत नाही. माती टेकते.
कुणावर, ते विचारत नाही.

हिशेब कागदावर आला. त्यावर त्याची सही, माझी सही.
कुंपण अर्धं अर्धं. रंग नाही,
लाकूड आपोआप करडं होऊ द्यायचं, ही त्याची अट.
माझी अट एकच : भिंतीमागे खडी आणि भोकाचा पाइप.
तो म्हणाला, उगाच खर्च.
मेरेआना म्हणाली, भिंत मातीनं पडत नाही, पाण्यानं पडते.
वरून मुरलेलं बाहेर पडायला वाट नसेल
तर कितीही जाड बांधा.
तो यावर तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला.
का, ते मला आजही सांगता येणार नाही.

ऑगस्टमध्ये भिंत झाली. सप्टेंबरात त्याचा चेक आला,
सत्तर सेंटिमीटरचा, सेंटपर्यंत बरोबर.
सोबत चिठ्ठी :
चमचा असेल तर ठेवून दे.
तो हरवला म्हणून मी मार खाल्ला होता.
कॅलमनं पुरला होता.

चमचा मी घासला. चांदीचा नव्हता.
कुंपणाच्या वरून दिला, हात उंच करून.
त्यानं घेतला, खाली वाकून,
आणि दोघांच्या मधल्या नव्या खांबावर
पाणपट्टी ठेवून पाहिली.
बुडबुडा जरा माझ्याकडे सरकलेला.
"चालेल," तो म्हणाला.