शौका, शुक्रवार, पहाटे

धरणाखाली गाड्या लावल्या. हवा भरता भरता
पुन्हा तोच वाद.

रॉडेल म्हणतो, मऊ रबर घे,
पालीसारखं चिकटतं कातळाला.
चिकटतं रे, पण दोन महिन्यांत दात पडतात,
मागच्या चाकाचं बोळकं होतं.

शिहाब कडक रबराचा माणूस.
दीड वर्ष एकच टायर. कडेची शिवलेली चीर
ऑपरेशनची खूण दाखवावी तशी दाखवतो.
वळणावर घसरतो, कोपर सोलतं.
कातडी काय, म्हणे, फुकट येते.

हेरंब दिरहॅमला किलोमीटरने भागतो,
दर आठवड्याला उत्तर वेगळं.

मी पुढे मऊ, मागे कडक बसवलंय
आणि दोघांच्याही शिव्या खातोय.

इथला दगड कुणाचंच ऐकत नाही.
काळा, कापलेल्या पत्र्यासारखा,
ह्याच्या कडा पाण्याने कधी मोडल्याच नाहीत.

तेवढ्यात वरून चार शेळ्या,
मागे खल्फान, पायात ट्रकच्या टायरच्या चपला.
उभा उतार,
अंगणात यावं तसा आला.

हेरंबने मोडक्या अरबीत विचारलं, किती वर्षं झाल्या?
त्याने पाय उलटा करून तळ पाहिला,
पहिल्यांदाच पाहावा तसा.
"कापल्या तेव्हा मुलगा रांगत होता. आता त्याला दाढी आहे."
"आणि घसरत नाहीत?"
"मी हळू चालतो."

रॉडेलने पंपाची नळी काढली, परत लावली.
कुणी काही बोललं नाही.
मी हळूच थोडी हवा सोडली,
म्हटलं, पकड वाढेल.

पहिलं पंक्चर पाव तासात.
माझंच.
मागचं, कडक.