वीतभर

उगावच्या शिवारात, वाफसा धरला त्या सकाळी
सुकदेव बोरस्तेनं सळई रोवली कांद्याच्या रानात.
तीन सुताची, स्लॅबातून उरलेली,
टोक दगडावर घासून घेतलेलं.

वीतभर गेली, पिठात जावी तशी.
मग अडली.
त्यानं अंगाचा भार टाकला, सळई वाकली.
दोन पावलं सरकून पुन्हा.
पुन्हा वीतभरच.
जणू कुणी खाली फरशी घालून
वर माती पसरून ठेवलीय.

गवंडी कोण, ते त्याला ठाऊक होतं.
बावीस वर्षं रोटाव्हेटर, एकाच खोलीवर,
रोपाला रान भुसभुशीत हवं म्हणून.
आणि ट्रॅक्टर भाड्याचा, उद्या मिळायचा नाही,
म्हणून ओल्यातच घातलेली चाकं.
त्यांच्या खुणा फळीनं पुसल्या होत्या,
वरच्या वर.

मग तो बांधावर गेला.
चुलतभावाशी मोजणीचा वाद,
तेव्हापासून तिथं फाळ लागला नाही कुणाचा.
गवत उगवायचं, वाळायचं, तिथंच कुजायचं.
सळई हातभर उतरली.
उपसली तर टोकाला ओल,
आणि अर्धं गांडूळ.

"पोकलेन सांगू का?" लेक म्हणाली.
तो काही बोलला नाही.
बांधालगतची चार सरी जागा सोडली,
ताग फेकला, कापला, तिथंच पडू दिला.

तीन वर्षं झाली.
परवा त्यानं सळईवर कोयत्यानं नवी खूण केली.
जुन्या खुणेपासून
दोन बोटं.