रकाना सत्तावीस

नॅकचा फॉर्म भरायला बसलोय.
रकाना सत्तावीस: माजी विद्यार्थ्यांचे योगदान,
फक्त रुपयांत, मागील पाच वर्षे, पावत्यांसह.

डोक्यावर पंखा फिरतोय.
हुसेन तडवीनं बसवलाय, ब्याण्णवची बॅच.
पावती नाही.
उन्हं चढायच्या आत, दरसाल फाल्गुनात
तो मोटरसायकलवर शिडी बांधून येतो,
अकरा खोल्यांचे पंखे उघडतो, तेल घालतो,
आणि वरूनच विचारतो,
"आबा, मराठीला कोणी आलं का?"
नाही आलं. चार वर्षं जागा रिकामी आहे.
तो मान हलवतो, पुढचा पंखा उघडतो.

बोरीकाठचं हे कॉलेज.
नदीत आठ महिने वाळू, पटावर दोनशे चौदा.
ज्या वर्षी सायन्सची तुकडी बंद पडणार होती,
सतरा नावं कमी होती,
प्रमिला गिरासे मेच्या उन्हात छत्री घेऊन निघाली.
इथूनच बी.एस्सी., आता झेडपीच्या शाळेत.
ओट्यावर बसलेल्या बापांना रामराम घातला
आणि थेट चुलीपाशी गेली.
"तुनी पोर मना भरोसावर धाड," म्हणाली,
बाकी काय बोलली ते मला कळलेलं नाही.
जूनमध्ये एकोणीस पोरी आल्या,
दोघी तर दप्तराऐवजी पिशवी घेऊन.

हे रुपयांत किती लिहू?

वाल्मीक भोळ्यांचे दोन लाख लिहिले.
सुरतेला कापडाचा ठोक धंदा,
वडिलांचं नाव त्यांना कमानीवर हवं होतं.
कमान झाली नाही, पोरींचं स्वच्छतागृह झालं.
नाव तिथे नको म्हणाले. पैसे मागितले नाहीत परत.
खरा माणूस, फक्त जरा मोठ्यानं बोलतो.

गेल्या पौषात मेळावा होता.
म्हणजे भोळ्यांच्याच मळ्यात भरीत,
पऱ्हाट्यांचा जाळ, कळण्याच्या पुऱ्या,
मीटिंग बाजल्यांवर.
भोळे म्हणाले, घटनेत कलम तीन आहे,
सभासद फक्त पदवीधर.
कोणाकडे बघून म्हणाले नाहीत,
पण सगळ्यांनी बघितलं
जाळापाशी वांगी परतणाऱ्या लोटनकडे.

लोटन सेकंड इयरला बसला,
फिजिक्समध्ये गेला, सन अठ्ठ्याऐंशी.
तेव्हापासून सावद्याहून दिल्लीला केळी नेतो.
ऑक्टोबरात, फॉर्मची शेवटची तारीख असते त्या दिवशी
ट्रक गेटबाहेर उभा करतो,
खिडकीतून मला पैसे देतो,
मोजून एका पोराच्या परीक्षेची फी.
फी वाढली की त्याला बरोबर कळतं,
कसं, ते विचारायचं राहिलं.
नाव लिहू देत नाही.
"राहिलेली आहे ना माझी, भरतोय," एवढंच.

त्या रात्री मी उठलो.
चाळीस माणसांत कधी बोललो नव्हतो.
म्हणालो, कलम बरोबर आहे, लोटन माजी नाहीच.
जाळ तडतडला. कोणी तरी खाकरलं.
म्हणालो, त्याचा दाखला माझ्या कपाटात आहे,
माझ्या आधीच्या हेडक्लार्कनं लिहून ठेवलेला,
जांभळी शाई, वर्तणूक चांगली.
न्यायला तो आलाच नाही.
दाखला नेला नाही तो माजी कसा?

भोळे आधी हसले, मग सगळे.
लोटन हसला नाही,
हाताला लागलेली वांग्याची काळी साल
पँटीला पुसत राहिला.

आता लाईट गेली. पंखा हळू हळू थांबतोय.
रकान्यात आकडा टाकलाय, पावत्या चौदा.
कपाट उघडून तो कागद पुन्हा बघितला.
घड्यांवर फाटत चाललाय, चिकटवायला हवा.
कॉलेज सोडल्याची तारीख:
तिथे जागा मोकळी आहे.