वजा

उपग्रहाला ढगांतून नीट दिसलं नाही
म्हणून मला पाठवलं,
कार्यालयाच्या पांढऱ्या स्कोडातून,
टॅब्लेट, रबरी बूट आणि मोजायची काठी देऊन.
यासेनकाच्या वर रस्ता संपतो, तिथे
आधी कुत्र्याने माझी चौकशी केली,
मग वाव्रिनेत्सने.

सत्तरीला टेकलेला. टोपी काढली नाही.
"जमीन तपासायला आलीस की मला?"
जमीन, म्हटलं. कुरण. एक्केचाळीस हेक्टर.
"मग तपास. ती काही पळून जात नाही."

नियम साधा आहे:
गवत वितीपेक्षा उंच नको, झुडपं माजलेली नकोत,
कुरण कुरणासारखं दिसलं पाहिजे.
मी काठी रोवत गेले. बारा सेंटिमीटर. नऊ. अकरा.
वरच्या अंगाला सात, तिथलं ऊन मेंढ्यांना आवडतं.
इतकं निगुतीने राखलेलं रान
या वर्षी जिल्ह्यात मी पाहिलं नव्हतं.

दोनशे दहा मेंढ्या आणि त्यांचे दात.
हे लिहिलं नाही. तसा रकाना नाही.

अर्जदाराचा रकाना आहे.
त्यात एक कंपनी, जिच्या नावात 'हिरवा' दोनदा येतो,
पत्ता ब्रातिस्लावाचा,
एका दातांच्या दवाखान्याच्या वर, तिसरा मजला.
सहकारी शेत मोडलं त्या गडबडीत
कुणीतरी बासष्ट म्हाताऱ्यांच्या सह्या गोळा केल्या,
स्वयंपाकघराच्या टेबलांवर, एकेका बाटलीत.
वाव्रिनेत्सची आईही त्यांत.
सही येत होती तिला, त्याचंच तिला कौतुक.

"मला चरू देतात," तो म्हणाला,
"भाडं घेत नाहीत. चांगली माणसं आहेत."
मग जरा थांबून,
"कोण आहेत ती?"

हेक्टरी किती मिळतं ते मला पाठ आहे,
गुणाकार चढणीवरच झाला होता.
सांगायचं नसतं. सांगितलं.
तो कुत्र्याकडे बघत राहिला,
जणू आकडा त्यानेच पुरून ठेवला होता.
"गवत कापल्याचे?"
गवत आखूड असल्याचे.
"मग मी, आणि ह्या..."
पुढचं वाक्य त्याने मेंढ्यांत सोडून दिलं.

आमच्या शाळेच्या भिंतीवर ठळक रंगवलं होतं,
कसेल त्याची जमीन.
नंतर तिथे टायरची जाहिरात आली.

खरं सांगते, मनात आलं:
लिहावं, गवत मांडीएवढं, काट्यांनी रान खाल्लंय.
कंपनीचे पैसे अडकले असते.
आणि वसंतात तिने ट्रॅक्टर धाडला असता.
ट्रॅक्टरला कुत्रा लागत नाही, झोपडी लागत नाही.
मी लिहिलं, स्थिती: उत्तम.
जे होतं तेच.

त्याने ओश्त्येपोक पुढे केला,
धुराने पिवळा, लाकडी साच्याची नक्षी उठलेला.
भेट न्यायची नाही असाही नियम आहे,
म्हणून तिथेच उभ्याने खाल्ला, त्याच्याच चाकूने.
न्यायला काही उरलं नाही.

एक काम बाकी होतं.
शेतीखाली नसलेलं क्षेत्र वगळावं लागतं:
झरा, दगडांची रास, झोपडी.
झोपडीच्या चारी कोपऱ्यांवर उभी राहून
एकेक बिंदू घेतला.
तिसऱ्या कोपऱ्याशी त्याचे मोजे वाळत होते,
ते त्याने लगबगीने बाजूला केले, माझी अडचण नको म्हणून.
अठरा चौरस मीटर.
पडद्यावर लाल चौकोन उमटला,
सगळ्या हिरव्यात तिळाएवढा.

चष्मा नव्हता. टॅब्लेट हातभर लांब धरून पाहत म्हणाला,
"हा मी?"
हो, म्हटलं.
"म्हणजे आलो एकदाचा कागदावर."

रकान्याचं नाव
मी वाचून दाखवलं नाही.