सात म्हणतो, अकरा आहे

तिब्लिसीहून पत्र आलं, दोन ओळींचं:
पोती बंदरातल्या वजनकाट्याचा संगणक
स्वतःची आवृत्ती सात सांगतो.
सोमवारपर्यंत नवा करा, नाहीतर जोडणी तोडू.

मी पोचले तो गुरुवार होता.
फाटकापासून पुलापर्यंत ट्रकांची रांग,
आणि काट्याच्या खोलीत एतेरी
विजेच्या शेगडीवर मोजे वाळवत बसलेली.
"नवाच आहे की," ती म्हणाली, "गेल्या पावसाळ्यात बदलला."

खरं होतं. पडद्यावर अकरा.
सेटिंगमध्ये अकरा.
काळ्या खिडकीत आज्ञा दिली तर ती दहा म्हणाली,
पण त्याला अर्थ नाही, हे घराणंच तसं,
अकरा झाला तरी आतून स्वतःला दहाच समजतो.
बिल्ड नंबर बावीस हजारांच्या पुढचा;
सात असता तर सात हजारांपाशीच दमला असता.

तरी प्रत्येक पावतीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
सिस्टम ६.१.
म्हणजे सात. (सातही आतून सहाच म्हणवायचा.)

संगणक वय चोरत होता,
पण एकाच माणसापाशी.

मी व्हायरस शोधला. मिळाला नाही.
रजिस्ट्री चाळली, नोंद नोंद, तांदळातल्या खड्यांसारखी.
दोनदा बंद करून चालू केला,
दोन्ही वेळा बाहेर भोंगे वाजले
आणि एतेरीने खिडकीतून हात जोडले.

काटा चालवणारा प्रोग्राम कुणाचा, विचारलं.
"जुंबेरचा. आमचाच होता, दुरुस्ती विभागातला.
रात्रपाळीत लिहिला त्याने, बारा-तेरा वर्षं झाली."
कुठे असतो आता?
तिने मोजे उलटे केले.

तेवढ्यात ट्राब्झोनचा हायरेत्तिन आत आला,
कांद्याचा ट्रक, ओल्या मिशा,
तो दर गुरुवारी येतो म्हणे.
पावती घेताना नेहमीसारखं त्याने विचारलं, "जुंबेर?"
एतेरीने अंगठा वर केला.
तो हसला. गेला.

दार लागल्यावर ती म्हणाली,
"मला तुर्कीचे दहा शब्द येतात. ट्रक, टन, कागद, चहा.
त्या दहांत 'वारला' नाही.
तीन वर्षं झाली. आता कसं सांगू?"

मी काही बोलले नाही.
प्रोग्रामच्या चित्रावर उजवं बटण दाबलं,
गुणधर्म, मग सुसंगतता,
आणि तिथे, एका चौकोनात, बरोबरची खूण:
याच्याशी बोलताना सात असल्यासारखं वाग.

खूण काढून पाहिली. पाहावंच लागतं.
प्रोग्राम उघडला, क्षणभर थांबला,
जुंबेरने कधीतरी लिहिलेली ओळ दाखवली:
"ही जागा माझ्या ओळखीची नाही. मी निघतो."
आणि निघाला.
काट्यावर उभ्या ट्रकाचा आकडा
पडद्यावरून पुसला गेला.

"कोणी केली होती ही खूण?"
"तुझ्याआधी आलेला पोरगा. म्हणाला,
मावशी, याला खरं सांगू नका, बिचारा घाबरतो."

मी खूण परत केली.
आकडा आला: सव्वीस टन चारशे.
वजनात एका किलोचाही फरक नव्हता,
आधीही नव्हता. खोटं फक्त तळाशी होतं.

अहवालात 'बिघाड' असा एक रकाना असतो.
मी तो रिकामा ठेवला. 'शेरा' मध्ये लिहिलं:
संगणक अकरा आहे. एका जुन्या प्रोग्रामला सात सांगतो.
मुद्दाम सांगतो. नवा प्रोग्राम येईपर्यंत
कृपया कोणी दुरुस्त करू नये.

तिब्लिसीला हे पटेल का, माहीत नाही.
त्यांच्या फॉर्ममध्येही शब्द मोजकेच आहेत.

निघताना एतेरीने एक कागद पुढे केला.
"तुर्कीत कसं म्हणतात ते बघून देशील? नीट, हळू म्हणता येईल असं."
मी फोनवर शोधून मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.
तिने तो वाचला, ओठांतल्या ओठांत, दोनदा,
मग घडी घालून पावत्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवला
आणि पुढच्या ट्रकाला हाताने बोलावलं.