इतर हक्क

तीस वर्षांचा शोध. वर्षामागे ठरलेली फी,
चलन जोडायचं, सही करायची, मोकळं व्हायचं.
वकील म्हणतात, तेवढंच बघ, खाली खणू नको.
पण वेंगुर्ल्याच्या कचेरीत अभिलेख कक्षाला खिडकी एकच
आणि गिरप भाऊसाहेब चावी माझ्याकडे देऊन
चहाला गेले की तासभर येत नाहीत.

सर्व्हे नंबर एकसष्ट, हिस्सा चार ब.
क्षेत्र अकरा गुंठे, त्यात पोटखराब तीन.
नावं सदतीस.
खरेदीदार कोल्हापूरचे, त्यांना समुद्र दिसला पाहिजे.
समुद्र सातबाऱ्यावर कुठेच नाही.

माणूस गेला की नाव कंसात जातं,
इथे नऊ जण जाऊनही कंसाबाहेर फिरताहेत.
एक मस्कतला, दोघी सासरी (आडनाव बदललेलं, हिस्सा तोच),
आणि सातव्या ओळीत : अज्ञान पुंडलिक,
अ.पा.क. आई सत्यभामा.
या अज्ञानाने मला चौथीत भूगोल शिकवला.
परवा पोस्टाच्या पायऱ्या चढताना दिसले,
एक हात कठड्यावर, एक गुडघ्यावर.
कागदावर अजून आईच्या कडेवर आहेत.

उजवीकडचा रकाना, इतर हक्क.
सोसायटीचं कर्ज, फिटलेलं.
कूळ, नाही.
खाली बारीक अक्षरात : पाहा फे. ८८.

अठ्ठ्याऐंशी म्हणजे तळातला बस्ता.
फडकं सोडलं तर वाळवीची माती मांडीवर सांडली.
पान बोटाने उलटेना, पट्टी सरकवून उलटलं.
शाई तांबूस, तलाठ्याचं अक्षर वळणदार,
घाई नसलेल्या माणसाचं :

'आवडू कोम सखाराम मयत हिस
दक्षिणेकडील गडग्यालगतचे रातांब्याचे झाड एक,
त्याची फळे घेणेचा हक्क.
वर्दी तोंडी. कोणाची हरकत नाही.
सबब नोंद मंजूर.'

एवढंच.
आठ गुंठे लावणीचे दिरांना,
हिला एक झाड.
तेही जमिनीसकट नाही, नुसतं झाड.
मी 'हयातीपावेतो' हा शब्द शोधला.
मागच्या पानावर पाहिला, समासात पाहिला.
नव्हता.
तलाठी विसरला,
की तिनेच समोर बसून तो लिहू दिला नाही,
हे फेरफारात येत नाही.

रविवारी स्कूटर काढली. अहवालाला याची गरज नव्हती.
गडगा अर्धा ढासळलेला, झाड जागेवर.
खाली एक बाई पाटीत फळं गोळा करत होती,
कोपरापर्यंत लाल.
विचारलं, कुणाचं झाड?
'ह्यो? ह्यो आवडूचो रातांबो.'
आवडू कोण?
ती हसली. 'कोण कसली, झाडाचा नाव ता.
सगळेच म्हणतत.'
आणि फोडून एक माझ्या हातावर ठेवला.

सदतीस जणांत तिचं नाव नाही.
कंसात नाही, कंसाबाहेर नाही.
तिला मूल होतं का, ती कुठे वारली,
वारस नोंद कुणी घातलीच नाही.
पण पाटी भरायला येणारी प्रत्येक बाई
ऐंशीएक वर्षं तिची नोंद तोंडी करतेय
आणि कोणाची हरकत नाही.

सोमवारी अहवाल लिहिला.
छापील नमुन्यात शेवटी असतं : बोजा आहे / नाही.
नको ते खोडायचं असतं.
मी दोन्ही ठेवलं,
पुढे लिहिलं : झाड एक. उभे आहे.

वकिलांनी कागद उजेडात धरला.
हे लाल काय लागलंय, म्हणाले,
आणि दुसरी प्रत कुठाय?